गाडी हाकणारेच मालक
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगी दिलेले व्याख्यान)



महोत्सवाच्या व्यासपीठावरून संस्थेचे कौतुक व्हावे हे योग्यच. ते काम आमच्याहून अधिकारी वक्त्यांनी केले आहे. आम्ही आज एका परक्या देशातील कंपनीची हकीकत सांगणार आहोत. ती धर्मादाय संस्था नव्हती, मालमोटारी चालविणारी कंपनी होती. परंतु सामाईक मालमत्ता मिळविणे ही एक गोष्ट आणि ती टिकविणे ही दुसरी, हे तिच्या चरित्रातून चांगले समजते.

दुसऱ्या महायुद्धानंतर, 1947 च्या कायद्याने, ब्रिटनमध्ये रस्त्यावरील लांब पल्ल्याची मालवाहतूक सरकारने ताब्यात घेतली. पुढे 1969 मध्ये ‘ब्रिटिश रोड सर्व्हिसेस’, रेल्वेची पार्सले पोहोचविणारी ‘नॅशनल कॅरिअर्स’ आणि घरसामान हलविणारी जुनी पिकफर्ड्स पेढी अशा शाखा एकत्र आणून ‘नॅशनल फ्रेट कॉर्पोरेशन’ स्थापन झाले. 1979 साली आलेल्या सरकारने ते विकण्याचे ठरविले. पण तेवढ्यात मंदी आली आणि शेअरबाजारात ते विकण्याचा बेत बारगळला. आता कोणी एक बडा खरेदीदार येईल आणि आपले भवितव्य ठरवील, अशी काळजी नोकरवर्गास लागली.

अशा वेळी, 1981 मध्ये, मुख्य अधिकारी पीटर थॉम्सन यांनी एक अनपेक्षित सूचना मांडली: आपणच ही कंपनी विकत घेऊ. ड्रायव्हर, हमाल, कारकून, टंकलेखिका, पेन्शनर आणि त्यांच्या घरची माणसे, सर्वांनी भाग घ्यावेत. ऐपत नसेल त्याला दोनशे पौंडांपर्यंत बिनव्याजी कर्ज मिळेल. वाहतूक कामगारांच्या मोठ्या संघटनेचा या विक्रीला विरोध होता. घराघरांतही शंका निघाल्या असतील, आणि त्या अगदी रास्त होत्या. कंपनी बुडाली तर नोकरी गेली आणि गाठीची पुंजीही गेली, अशी दुहेरी जोखीम कोण पत्करणार?

तरीही सुमारे दहा हजार माणसांनी ती पत्करली. फेब्रुवारी 1982 मध्ये 5 कोटी 35 लाख पौंडांस व्यवहार पुरा झाला. त्यांपैकी सुमारे 4 कोटी 70 लाख पौंड पेन्शन फंडातील तूट भरून काढण्यास गेले. सरकारच्या पदरात फार थोडे पडले, पण म्हाताऱ्या नोकरांची पेन्शन सुरक्षित झाली. नोकरमंडळींनी सुमारे 62 लाख पौंड घातले व साडेब्याऐंशी टक्के मालकी घेतली. बाकीची साडेसतरा टक्के मोठे कर्ज देणाऱ्या बँकांकडे राहिली.

भागांची खरेदी-विक्री वर्षातून चारच दिवशी होई, आणि ती कंपनीच्या कुटुंबातच. भाव ठरविण्याचे काम बाहेरच्या स्वतंत्र हिशेबतज्ज्ञांकडे होते. वार्षिक सभेला ड्रायव्हर बायकोसह येऊन बसू लागला आणि चालकमंडळाला जाब विचारू लागला. कंपनीची भरभराट झाली, भागांची किंमत अनेक पटींनी वाढली. जन्मभर दुसऱ्याचा माल वाहिलेल्या माणसांच्या हाती प्रथमच स्वतःची पुंजी आली. 1987 मध्ये मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार करणारी युनिपार्ट ही सरकारी मालकीच्या मोटार उद्योगातून बाहेर पडली, तीही नोकरवर्गाला भागीदार करून.

येथवरची कथा आनंदाची आहे. पुढे काय झाले? माणसे निवृत्त झाली. कोणाला घर घ्यायचे होते, कोणाला मुलास उभे करायचे होते. विकणारे वाढत गेले. घेणारा नवा नोकर तेवढा सधन नव्हता. वाढत्या धंद्यालाही भांडवल हवे होते. 1989 मध्ये कंपनीचे भाग शेअरबाजारात आले. नोकरांच्या मताला दुप्पट वजन देण्याची सावधगिरी ठेवली होती. परंतु भागच हातून निसटत गेले तेव्हा मताचे वजन किती दिवस पुरणार? 2000 मध्ये कंपनी ‘ओशन ग्रुप’ मध्ये मिसळून ‘एक्सेल’ झाली, आणि 2005 मध्ये ती जर्मनीच्या ‘डॉइश पोस्ट’ ने विकत घेतली.

मंडळी, यात कोणी कोणास फसविले नाही. प्रत्येकाने आपल्या हक्काची वस्तू विकली. प्रत्येकाचा निर्णय आपापल्या घरापुरता शहाणपणाचा होता, आणि त्या सर्वांची बेरीज होऊन सामाईक मालकी संपली.

त्याच देशात जॉन स्पेडन लुईस नावाच्या दुकानमालकाने दुसरी वाट धरली. 1929 व 1950 च्या दोन दस्तऐवजांनी त्याने आपल्या दुकानांची मालकी नोकरांच्या हितासाठी न्यासाकडे सोपविली. तेथे नोकराला नफ्यातला वाटा मिळतो, विकण्याजोगा भाग मिळत नाही. यालाही किंमत आहे. निवृत्त होताना पुंजी हाती येत नाही, आणि वाईट वर्षी वाटाही चुकतो. 1953 नंतर प्रथमच 2021 मध्ये तसे घडले. पण मालकी मात्र पुढच्या पिढीच्या नोकरांसाठी जागेवर राहिली.

न्यास या शब्दाचा अर्थच ठेव असा आहे. आपले सभागृह, विद्यार्थ्यांचा निधी, ही कपाटातली जुनी पुस्तके, यांतला एक तसूही आपणांपैकी कोणाचा नाही. म्हणूनच ते सारे पन्नास वर्षे टिकले. परंतु ज्याचा भाग नाही त्याला आस्थाही राहत नाही, हा आपला धोका. त्या ड्रायव्हरांची मालकी गेली तरी त्यांची एक सवय आपण उचलावी. वार्षिक सभेला ते सहकुटुंब येत आणि हिशेब विचारीत. आपल्या गेल्या सभेला किती खुर्च्या रिकाम्या होत्या, ते आम्ही येथे सांगत नाही; आपण सर्व जाणताच.

पूर्वजांनी मालमत्ता विकता येणार नाही अशी सोय करून ठेवली. ती ओस पडणार नाही, ही सोय मात्र आपणांसच केली पाहिजे. पुढच्या सभेला मुलांना घेऊन या आणि त्यांना प्रश्न विचारू द्या, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.