टर्बोचं ऑइल गळतंय? आधी नळ्या तपासा

आम्ही जुन्नर तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बायका. आज आम्ही तुमच्याशी गाडीच्या इंजिनाबद्दल बोलणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात इंजिन कुठून आलं, असं कुणी म्हणेल. पण आता कितीतरी गटांनी कर्ज काढून पिकअप नाहीतर जुनी चारचाकी घेतली आहे. भाजी, दूध, रोपं, मसाले, सगळं बाजाराला न्यायचं तर गाडी हवीच. गाडी आपल्या नावावर, हप्ता आपल्या नावावर, आणि बोनेट उघडलं की मात्र आपण बाजूला उभ्या. मिस्त्री जे सांगेल त्याला मान हलवायची. हे थोडं तरी बदलावं म्हणून आजचा विषय घेतला आहे : टर्बोच्या ऑइलची गळती.

आधी टर्बो म्हणजे काय ते बघू. आजकालच्या जवळजवळ सगळ्या डिझेल गाड्यांना टर्बो असतो. चुलीत फुंकणीने हवा घातली की जाळ कसा वाढतो, तसंच हे काम आहे. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर एक छोटं चक्र फिरवतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चक्र असतं. ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. हवा जास्त मिळाली की तेवढ्याच इंजिनातून जास्त ताकद निघते. ही युक्ती जुनी आहे. आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं होतं.

हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेऊ शकतो. शिलाई मशीनला तेल घातलं नाही तर ती कशी कुरकुरते, आपल्याला माहीत आहे. मग एवढ्या वेगाने फिरणाऱ्या दांड्याचं काय होईल? म्हणून तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. हे ऑइल इंजिनातूनच येतं आणि इंजिनातच परत जातं. त्यासाठी दोन नळ्या असतात, आणि आपलं आजचं सगळं बोलणं या दोन नळ्यांचंच आहे.

पहिली नळी ऑइल आणणारी. ती बारीक असते, बहुधा लोखंडी, आणि तिच्यात दाब असतो. ती पोकळ बोल्टने टर्बोला बसवलेली असते. त्याला बँजो बोल्ट म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना तांब्याचे वॉशर असतात. दुसरी नळी ऑइल परत नेणारी. ती जाड असते आणि तिच्यात दाब नसतो. ऑइल आपल्या वजनाने खाली चेंबरमध्ये उतरतं. घरातल्या मोरीसारखं समजा. मोरी तुंबली तर पाणी न्हाणीत उलटं भरतं. तशी ही जाड नळी तुंबली, दबली किंवा वाकली, तर ऑइल टर्बोच्या आत साचतं आणि हवेच्या नाहीतर धुराच्या वाटेने बाहेर पडतं. मग सायलेन्सरमधून निळसर धूर येतो.

आता आमच्या गाडीचं सांगतो. आमची पिकअप टोमॅटो आणि पालेभाजी घेऊन माळशेज घाट उतरून कल्याणच्या बाजारात जाते. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी उभी राहील तिथे जमिनीवर काळे थेंब दिसायला लागले. घाट चढून आल्यावर जळक्या तेलाचा वासही यायचा. एका गॅरेजमध्ये पाच मिनिटांत सांगण्यात आलं, "टर्बो गेला, नवीन टाका." तो खर्च आमच्या तीन हप्त्यांच्या वर जात होता. गटाची बैठक बसली. एक मावशी म्हणाल्या, "अगं, छत गळतं तेव्हा आपण आख्खं छप्पर बदलतो का? आधी कौल कुठलं फुटलंय ते बघतो ना?" म्हणून गाडी आळेफाट्याच्या एका जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन गार होऊ दिलं, टर्बोच्या आसपासचा भाग धुऊन पुसून कोरडा केला, वर अंगाला लावायची पावडर भुरभुरली आणि गाडी थोडा वेळ जागेवरच चालू ठेवली. दहा मिनिटांत पावडर एका ठिकाणी ओली झाली. बारीक नळीच्या वॉशरजवळ. जाड नळीचा रबरी तुकडाही कडक होऊन चिरलेला निघाला. वॉशर, पॅकिंग आणि रबरी नळी बदलली. टर्बो अजून तोच आहे आणि गाडी घाट चढते आहे.

यातून पहिली गोष्ट लक्षात ठेवा. ऑइल खाली ओघळतं आणि वाऱ्याने मागे पसरतं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथे गळती असेलच असं नाही. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा टाकून ठेवला की कुठल्या बाजूने आणि किती गळतं ते सकाळी दिसतं.

दुसरी गोष्ट, मिस्त्रींना विचारायचे प्रश्न. तांब्याचे वॉशर नवीन टाकणार का? जुना वॉशर एकदा दबला की पुन्हा नीट बसत नाही. बोल्ट किती आवळायचा? गळतं म्हणून जोर लावून आवळला तर पोकळ बोल्ट तुटतो, म्हणून कंपनीच्या मापानेच आवळावा. पॅकिंगच्या जागी नुसता सिलिकॉनचा लेप लावणार का? तसं करू देऊ नका. त्याचे तुकडे सुटून नळीत अडकले की टर्बोला ऑइल मिळत नाही. रबरी नळी कुठली टाकणार? पाण्याची साधी नळी चालत नाही, गरम ऑइल सोसणारीच लागते. इंजिनाचा ब्रीदर आणि एअर फिल्टर पाहिला का? ब्रीदर तुंबला की इंजिनात दाब वाढतो आणि ऑइल खाली उतरत नाही. फिल्टर तुंबला की टर्बोतून ऑइल ओढलं जातं. तेव्हा नळी बदलूनही गळती परत येते.

काम झाल्यावर लगेच चावी मारून रेस करू देऊ नका. नळ्या उघडल्या की त्यात हवा शिरते. म्हणून टर्बोच्या तोंडात थोडं स्वच्छ ऑइल घालतात आणि इंजिन सुरू न होऊ देता सेल्फ मारतात. ऑइलचा लाल दिवा विझला की मगच गाडी सुरू करायची, काही मिनिटं रेस न देता चालवायची आणि पुन्हा सगळे जोड बघायचे.

कधी कधी टर्बो खरंच गेलेला असतो. हवेचा पाइप काढून दांडा बोटाने हलवून बघतात. आजूबाजूला किंचित हलला तर चालतं. पण पुढे-मागे हलत असेल, किंवा चक्राची पाती घराला घासलेली दिसत असतील, तर दुरुस्ती नाहीतर नवा टर्बो लागतोच. हे आपल्या डोळ्यांसमोर दाखवा म्हणावं. दाखवायला कुणी नाही म्हणत असेल तर दुसऱ्या मिस्त्रीला विचारावं.

मैत्रिणींनो, गळती थोडीच आहे म्हणून गाडी रेटू नका. टर्बोची धुराची बाजू लालबुंद होण्याइतकी तापते. त्यावर ऑइल पडलं तर आग लागू शकते. दुसरा धोका डिझेल गाड्यांचा. टर्बोतून खूप ऑइल इंजिनात गेलं, तर इंजिन त्याच ऑइलवर धावायला लागतं आणि चावी बंद केली तरी थांबत नाही. अशा वेळी ड्रायव्हरने ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडावा, म्हणजे इंजिन दबून बंद पडतं. इंजिनाजवळ कुणी जाऊ नये, हात तर मुळीच घालू नये. आणि ऑइलचा लाल दिवा चालू गाडीत लागला, तर घर जवळ आलं असलं तरी बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करायचं.

आता रोजच्या सवयी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटांनी ऑइलची पट्टी बघावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी वाईट, तसं जास्तही वाईट. ऑइल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या दर्जाचंच घालावं आणि वेळेवर बदलावं. घाट चढून आलात किंवा जड माल ओढलात, तर चावी लगेच फिरवू नका. मिनिट-दोन मिनिटं इंजिन हळू चालू द्या. नाहीतर तापलेल्या टर्बोत थांबलेलं ऑइल करपून कोळसा होतं आणि तीच बारीक नळी तुंबते. कढईच्या तळाला करपलेलं तेल कसं चिकटतं, तसंच. काढलेलं जुनं ऑइल ओढ्यात किंवा शेतात ओतू नका, जनावरांच्या अंगालाही लावू नका. डब्यात भरून गॅरेजला परत द्या.

आम्ही गटाच्या वहीत गाडीचं एक पान केलं आहे. ऑइल कधी बदललं, किती किलोमीटरला, पट्टीवर किती होतं, कुठला जोड उघडला, सगळं तारखेसह लिहितो. दर शनिवारी दोघीजणी पट्टी बघतात आणि सही करतात. तुमच्या गटाची गाडी असेल तर या आठवड्यात एवढं एकच काम करा. बोनेट उघडा, आणि मिस्त्रींना म्हणा, "दादा, या दोन नळ्या कुठल्या ते आम्हाला दाखवा." एकदा त्या ओळखता आल्या की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात.