माफी की मिटवामिटवी?

(कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



बलात्काराच्या केससाठी मी पहिल्यांदा एका गावात गेले, तेव्हा माझ्याआधी पंच पोचले होते. मुलीच्या बापाच्या हातावर पैसे ठेवून झाले होते. एक वडीलधारे गृहस्थ मला समजावत होते, "ताई, मिटलंय आता. कशाला उकरता?" मुलगी आत चुलीपाशी बसली होती. तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

हे 'मिटलंय' आपण सगळ्याजणींनी कधी ना कधी ऐकलंय. आज मला दिलेला विषय दिसायला लांबचा आहे: गुलामगिरीबद्दल सरकारांनी माफी मागावी का, भरपाई द्यावी का? पण वाचताना मला ते गृहस्थच आठवत राहिले. म्हणून आपल्या जवळचं एकच प्रकरण घेते, जपानी सैन्याने बायकांना लैंगिक गुलाम बनवलं त्याचं.

१९३२ पासून १९४५ पर्यंत जपानी सैन्य जिथे जिथे गेलं तिथे त्याने सैनिकांसाठी केंद्रं उभारली. कोरिया, चीन, तैवान, फिलिपाइन्स, इंडोनेशिया इथल्या मुली त्यांत कोंडल्या. कोणाला कारखान्यात काम देतो म्हणून फसवलं, कोणाला दलालामार्फत आणलं, कोणाला सरळ उचललं. आपल्या अंदमानवर जपानचा ताबा होता तेव्हा तिथेही अशी केंद्रं होती. किती जणी? इतिहासकारांचे अंदाज पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत जातात. आणि या बायकांना नाव काय दिलं, तर 'कम्फर्ट विमेन', दिलासा देणाऱ्या! १९९६ मध्ये संयुक्त राष्ट्रांसाठी अहवाल लिहिताना श्रीलंकेच्या राधिका कुमारस्वामी यांनी हे गोड नाव बाजूला सारलं आणि याला 'लष्करी लैंगिक गुलामगिरी' म्हटलं.

जवळजवळ पन्नास वर्षं कोणी बोललं नाही. आपल्याला यात नवल वाटायला नको. इज्जत बाईची जाते, करणाऱ्याची नाही, हा हिशेब कोरियातही तोच. १४ ऑगस्ट १९९१ रोजी किम हाक-सून नावाच्या बाई सोलमध्ये पत्रकारांसमोर बसल्या आणि स्वतःचं नाव, चेहरा न लपवता म्हणाल्या, हे माझ्यावर झालं. हे सगळं खाजगी ठेकेदारांनी केलं, असं जपान सरकारने आदल्याच वर्षी संसदेत सांगितलं होतं. किमबाईंच्या मागोमाग इतरजणी पुढे आल्या. १९९२ च्या जानेवारीत योशिमी योशिआकी या इतिहासकाराने सैन्याचीच कागदपत्रं उघड केली. मग १९९३ मध्ये सरकारचे मुख्य सचिव मंत्री योहेई कोनो यांनी सैन्याचा हात असल्याचं कबूल केलं आणि माफी मागितली.

मग झालं की, असं कोणी म्हणेल. इथेच खरी गोष्ट सुरू होते.

१९९५ मध्ये जपान सरकारच्या पुढाकाराने 'एशियन विमेन्स फंड' निघाला. प्रत्येक बाईला वीस लाख येन आणि सोबत पंतप्रधानांच्या सहीचं पत्र. औषधोपचारासाठी सरकारने वेगळे पैसे दिले, पण हे वीस लाख जनतेकडून वर्गणी गोळा करून दिलेले. सरकारचं म्हणणं, १९६५ च्या करारात कोरियाचे सगळे दावे संपले, कायद्याने आम्ही काही देणं लागत नाही. कोरिया आणि तैवानमधल्या बऱ्याच बायकांनी हे पैसे नाकारले. गरीब होत्या, आजारी होत्या, तरी नाकारल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं: वर्गणीचा पैसा म्हणजे दया. गुन्हा शासनाने केला, तर पैसा शासनाच्या तिजोरीतून आला पाहिजे, गुन्ह्याची भरपाई म्हणून. आपल्याकडेही भरपाईचा चेक देताना साहेब त्याला 'मदत' म्हणतात आणि फोटो काढतात. घेणारीने हात जोडायचे! देणं आणि दान यातला फरक ज्या बाईने हात पसरलेला आहे तिला पक्का कळतो.

ज्यांनी पैसे घेतले त्यांच्याबद्दलही एक शब्द. फिलिपाइन्समध्ये सर्वांत आधी पुढे आलेल्या मारिया रोझा हेन्सन यांनी फंडाचे पैसे घेतले. कोरियातही काहीजणींनी घेतले आणि त्यांना बोल ऐकावे लागले. हे मला बरोबर वाटत नाही. म्हातारपणी औषधाला पैसे लागतात. नकार देणं हा तिचा हक्क, तसं घेणं हाही तिचा.

'इतक्या वर्षांनी पैसा कुठून आणायचा, कोणाला द्यायचा' हा प्रश्न नेहमी येतो. सरकारांना मनात असलं की जमतं. ब्रिटनने १८३३ मध्ये गुलामगिरी बंद करायचा कायदा केला तेव्हा दोन कोटी पौंड भरपाई ठरवली. ती गुलामांना नव्हे, मालकांना! 'मालमत्ता' गेली म्हणून. त्यासाठी काढलेलं कर्ज २०१५ मध्ये फिटलं. सुटलेल्या माणसांना एक पेनी नाही, उलट बहुतेकांना आणखी काही वर्षं त्याच मालकाकडे राबायला लावलं. दुसरं उदाहरण अमेरिकेचं. महायुद्धात तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबलं होतं. त्यांतल्या हयात माणसांना १९८८ च्या कायद्याने प्रत्येकी वीस हजार डॉलर दिले, माफीसकट, सरकारी तिजोरीतून, माणसाच्या हातात. म्हणजे जपानी माणसांना जे मिळू शकलं तेच या बायका जपानकडे मागत होत्या.

२०१५ च्या डिसेंबरमध्ये जपान आणि दक्षिण कोरियाच्या सरकारांनी करार केला. या वेळी पैसा तिजोरीतला होता, एक अब्ज येन. पंतप्रधानांची माफी परराष्ट्रमंत्र्यांनी वाचून दाखवली. सोबत एक वाक्य होतं: हा प्रश्न 'अंतिम आणि कायमचा' सुटला. सोलमध्ये जपानी वकिलातीसमोर २०११ पासून एका मुलीचा पुतळा आहे, शेजारी रिकामी खुर्ची. जपानला तो खुपत होता, आणि तो हलवण्याची खटपट करण्याचं कोरियाने मान्य केलं. तेव्हा हयात असलेल्या शेहेचाळीस बायकांना आधी कोणी विचारलं नाही. ताई, मिटलंय आता.

माफीचं मोजमाप मला इथे सापडतं. माफी मागणारा 'मी हे केलं' म्हणून थांबतो. मिटवणारा लगेच पुढे म्हणतो, 'आणि यापुढे याबद्दल बोलायचं नाही'. १९९७ मध्ये जपानच्या शाळांतल्या इतिहासाच्या पुस्तकांत या बायकांचा उल्लेख आला होता, पुढे बहुतेक पुस्तकांतून तो गळाला. माफी मागायची आणि धड्यातून नाव काढायचं, हे एकत्र कसं बसतं?

एक गोष्ट आपल्यासाठीही सांगितली पाहिजे, कडू असली तरी. २०२० मध्ये ली योंग-सू या आजींनी पत्रकार परिषद घेतली आणि तीस वर्षं पाठीशी उभ्या असलेल्या संघटनेलाच पैशांचा हिशेब विचारला. विरोधकांना आयतं कोलीत मिळालं हे खरं. पण आजींनी गप्प बसावं असं ज्यांना वाटलं, त्यांच्यात आणि पंचांत काय फरक? आपण तिच्या वतीने बोलतो आणि हळूहळू तिच्याऐवजी बोलायला लागतो. मीही हे केलंय.

८ जानेवारी १९९२ पासून दर बुधवारी जपानी वकिलातीसमोर निदर्शनं होतात. कोरियाच्या यादीत नोंदलेल्या २४० जणींपैकी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात. किम हाक-सून यांनी १९९१ मध्ये टोकियोत खटला घातला. त्या १९९७ मध्ये गेल्या. जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने तो खटला २००४ मध्ये फेटाळला. २०२१ मध्ये सोलच्या न्यायालयाने जपान सरकारला बारा जणींपैकी प्रत्येकीला दहा कोटी वॉन द्यायला सांगितले. दुसऱ्या देशाचं न्यायालय आमचा न्याय करू शकत नाही, असं म्हणून जपान सरकार सुनावणीला आलंच नव्हतं. पैसे त्याने अजून दिलेले नाहीत.