शोकेसमधली बाटली आणि गोव्याची व्हिस्की

मनामाहून बोलतोय. आजचा विषय जरा आडवळणाचा आहे, तेव्हा लहान मुलं शेजारी बसून ऐकत असतील तर त्यांना गृहपाठाला पाठवा. आणि जे अजिबात घेत नाहीत त्यांनी रेडिओ बंद करू नका, कारण आजच्या गोष्टीत सगळ्यात हुशार ठरलेली बाई एक थेंबही घेत नाही. विषय आहे व्हिस्की. प्यायची कशी हा नव्हे, चाखायची कशी हा.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या घरी बाहेरच्या खोलीत एक शोकेस आहे. तिच्यात माझी शाळेतली ढाल, आग्र्याहून आणलेला ताजमहाल, आणि खोक्यासकट ब्लॅक लेबलची एक बाटली. आखातात नोकरीला असलेल्या मामांनी दिलेली. बाबा कधीमधी घेतात, पण ती बाटली नाही. विचारलं की म्हणतात, "भारी आहे, राहू दे." तुमच्यापैकी निम्म्या लोकांच्या गावच्या घरी अशी एक बाटली असणार, मला खात्री आहे. त्या बाटलीने आम्हाला दोन गोष्टी शिकवल्या. चांगली म्हणजे स्कॉच, आणि खोक्यावरचा वर्षांचा आकडा जेवढा मोठा तेवढी ती आणखी चांगली.

हे ज्ञान घेऊन मी बहारीनला आलो. इथे बिगर-मुस्लिमांना परवाना असलेल्या दुकानात बाटली मिळते आणि पगार दिनारमध्ये होतो. एमबीए केलेला माणूस अशा वेळी काय करतो? एक्सेल शीट करतो. एका रकान्यात वर्षं, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात दर वर्षामागे किती दिनार. त्या हिशोबाने मी एक अठरा वर्षांची स्कॉच घेतली आणि मित्रांना बोलावलं.

त्याच संध्याकाळी एक जण सुट्टीवरून परतला होता. त्याने गोव्याहून एक बाटली आणली होती, पॉल जॉनची. मी हसलो. गोव्याहून काजू आणावेत, फेणी आणावी, व्हिस्की कसली? माझी बायको घेत नाही, पण तिला माझं एक्सेल माहीत होतं. ती म्हणाली, "थांब, मी ओतते. कुठल्या ग्लासात काय आहे ते सांगणार नाही." तिने चार व्हिस्क्या चार-चार छोट्या ग्लासांत ओतल्या, खाली चिठ्ठ्या लावल्या, वर बशा झाकल्या. अठरा वर्षांची स्कॉच, आयला बेटावरची धुराची स्कॉच, अमेरिकन बर्बन आणि ती गोव्याची. आम्ही वास घेऊन, घोट घेऊन कागदावर लिहायचं.

कागदावर काय लिहायचं तेच आम्हाला सुचेना. आम्ही "स्मूद" लिहिलं. "स्ट्राँग" लिहिलं. मासिकं वाचणाऱ्या एकाने "हेदर" लिहिलं, म्हणजे स्कॉटलंडच्या माळावरचं एक फूल, जे त्याने आयुष्यात पाहिलेलं नाही. बायको ग्लास परत न्यायला आली, तेव्हा सहज एक हुंगला आणि म्हणाली, "अगंबाई, हा तर बाळंतिणीच्या खोलीतला वास! शेगडीवर ओवा-धूप टाकतात ना, तो. आणि वरून डेटॉल." ती आयलाची होती. दुसरा हुंगून म्हणाली, "नारळाची वडी. व्हॅनिला घातलेली." ते बर्बन होतं. तिसऱ्याला म्हणाली, "मनुका आणि काळा खजूर." ती अठरा वर्षांची, शेरीच्या पिंपातली. चौथ्याला बराच वेळ नाक लावून बसली. "काकवी. आणि पिकलेलं केळं."

ती चौथी मी पहिल्या नंबरावर लिहिली होती. पुढे ऐटीत लिहिलं होतं, 'नक्कीच अठरा वर्षं'. ती गोव्याची निघाली. बाटली उलटसुलट करून पाहिली, तर वयाचा आकडाच नाही.

मग मी खरा अभ्यासाला लागलो.

व्हिस्की म्हणजे धान्य भिजवायचं, आंबवायचं, त्याचा अर्क काढायचा आणि तो लाकडाच्या पिंपात ठेवायचा. सिंगल माल्ट म्हणजे एकाच कारखान्यातली, फक्त मोड आणलेल्या सातूची. ते मोड सुकवताना खाली पीट, म्हणजे दलदलीतलं मातकट जळण जाळलं, तर तो धूर सातूत मुरतो, तीच बाळंतिणीची खोली. बर्बनमध्ये निदान 51 टक्के मका असतो, आणि पीप नवंकोरं, आतून जाळलेलं. अमेरिकन ओकच्या लाकडातच असा घटक असतो की त्याला नारळाचा वास येतो. म्हणजे नारळाची वडी ही काही कल्पना नव्हती, बाईंचं नाक बरोबर होतं. आयरिश व्हिस्की बहुतेक वेळा दोनऐवजी तीनदा अर्क काढलेली असते, म्हणून हलकी लागते.

आता त्या आकड्याचं. स्कॉटलंडच्या थंडीत पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के दारू उडून जाते. गोव्यात आठच्या आसपास, बंगळुरात दहा-बारा. पण नुसती उडत नाही, उकाड्यात ती लाकडात जोराने शिरते आणि बाहेर येते, आणि लाकडाकडून घ्यायचं ते भराभर घेते. आपल्या हवेत अठरा वर्षं ठेवली तर पिंपात फारसं काही उरणारच नाही. माझ्या एक्सेलमध्ये हवामानाचा रकानाच नव्हता.

पॉल जॉन बनते दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला, आणि 2012 साली ती आधी लंडनमध्ये विकायला आली. त्याआधीची गोष्ट बंगळुरूच्या अमृतची. ते घराणं जगदाळ्यांचं. आडनाव ऐकून कान टवकारले ना? माझेही. त्या घरातल्या रक्षित जगदाळ्यांनी इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला एमबीए करताना प्रकल्पच असा घेतला की आपली माल्ट तिथल्या भारतीय हॉटेलांत खपेल का. (मी माझ्या एमबीएला टूथपेस्टच्या वितरणावर प्रकल्प केला होता, असो.) 2004 साली त्यांनी ती बाजारात आणली, तीही थेट ग्लासगोला, म्हणजे स्कॉच लोकांच्या अंगणात. सुरुवातीला खप बेताचाच होता. पण 2010 च्या 'व्हिस्की बायबल'मध्ये जिम मरे या समीक्षकाने त्यांच्या 'फ्यूजन'ला जगात तिसरा क्रमांक दिला, आणि चित्र पालटलं. आज भारतात मिळणारी ही माल्ट पुष्कळदा परदेशात नाव झाल्यावर आपल्याला कळली. माझंही तेच झालं, दुसऱ्याला कशाला हसू?

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. आपल्याकडे व्हिस्की म्हणून स्वस्तात विकतात त्यातलं पुष्कळ मळीच्या स्पिरिटवर बनतं, त्यात थोडी माल्ट मिसळतात. युरोपात त्याला व्हिस्की म्हणून विकता येत नाही. मी साखर कारखान्याच्या पट्ट्यात वाढलो, मळीचा वास मला झोपेतही ओळखता येतो. कॉलेजात परमिट रूममध्ये आम्ही जे ढोसलं ते त्याच वासाचं होतं, आणि त्याबरोबर तिखट शेव लागायची, कारण चव झाकायची होती. चाखताना उलटं. फरसाण बाजूला ठेवा. बर्फ नको, थंडीने वास बसतो. ट्यूलिपच्या फुलासारखा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या, नसेल तर लहान वाइन ग्लास चालेल. तोंड किंचित उघडं ठेवून हुंगा, नाहीतर नाकात झणझणतं. एक घोट तसाच घ्या, मग चमच्याने चार थेंब पाणी घालून पुन्हा हुंगा. वास बदलतो, आणि तो बदललेला पाहण्यातच निम्मी मजा आहे. आणि नाव द्याल ते स्वतःच्या स्वयंपाकघरातलं द्या. हेदर सोडा. मनामाच्या सूकमध्ये मसाल्याच्या दुकानात वाळलेली काळी लिंबं मिळतात, लूमी. ती एकदा फोडून हुंगा, एका जपानी व्हिस्कीत मला हुबेहूब तीच सापडली.

आता माप. आम्ही प्रत्येकी वीस मिलिलिटर ओततो, खोकल्याच्या औषधाच्या टोपणाने मोजून. लोक हसतात. ते टोपण का आलं, तेही सांगतो. पूर्वी आमच्या गुरुवारच्या बैठकीत बाटली उघडली की संपायचीच. आमच्यातला एक जण सगळ्यात गमत्या होता. तो आमच्याकडून घरी गेल्यावरही पीत होता, आणि शुक्रवारी सकाळीही. हे आम्हाला त्याच्या बायकोने सांगितलं, तेव्हा दीड वर्ष गेलं होतं. त्याच्या ग्लासात आग्रहाने ओतणाऱ्यांत मी पहिला होतो. "घे रे, उद्या सुट्टी आहे." तो आता घेत नाही, चार वर्षं झाली. तो येणार असेल त्या दिवशी आमच्याकडे बाटली बाहेर निघत नाही. चाखण्याची बैठक महिन्यातून एकदा होते, त्याला ती माहीत आहे, आणि त्या दिवशी तो स्वतःहून येत नाही. यावर माझ्याकडे याहून चांगला उपाय नाही. परतताना सगळे टॅक्सीने जातात, कारण पिऊन गाडी चालवणं इथल्या कायद्याला जराही खपत नाही. रमझानमध्ये तर हॉटेलातही मिळत नाही, तेव्हा आमचीही बैठक बंद.

गेल्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा गोव्याच्या त्याच व्हिस्कीची बाटली बाबांसाठी घेऊन गेलो. भारतात उतरताना माणशी दोन लिटर नेता येते, ते सगळ्यांना पाठ असतं. रात्री जेवणाआधी गच्चीवर दोघे बसलो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्यासमोर. आईने दाण्याची वाटी आणून ठेवली, मी ती हळूच लांब सरकवली. बाबांनी ग्लास नाकाशी धरला, चार थेंब पाणी घातलं, पुन्हा धरला.

"गुऱ्हाळ," म्हणाले. "शेवटची काहील उतरवताना येतो तो वास."

मग बाकीची बाटली त्यांनी नीट पुसली आणि शोकेसमध्ये ब्लॅक लेबलच्या शेजारी ठेवून दिली. "भारी आहे," म्हणाले, "राहू दे."