हाडाची किंमत



गाळप सुरू झालं की सातारा-सांगलीच्या रस्त्यांवर रात्रभर ऊस धावतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, वर टेपचा दणका. सापडतं कोण? सायकलवाला, मजुरीवरनं चालत परतणारी बाई, बैलगाडीतलं बीडकडचं तोडणीचं कुटुंब. कारखान्याचा संचालक काही अंधारात चालत जात नाही.

आता कायद्याचा हिशेब मांडू. हयगयीनं, अविचारानं कुणाला जखमी केलं, तर इंग्रजाच्या 1860 च्या दंडविधानात कलम 337 : 6 महिने किंवा 500 रुपये. हाड मोडलं, डोळा गेला तर 338 : 2 वर्षं किंवा 1000 रुपये. आणि त्याच पुस्तकात साध्या चोरीला 3 वर्षं! फडातला ऊस पळवला तर 3, ऊसवाल्यानं आमचं हाड मोडलं तर 2. 1860 साली 500 रुपये ही मोठी रक्कम होती. 2024 पर्यंत आकडा तोच. एवढी सरकारं आली-गेली, कुणाचा हात तिकडं गेला नाही.

1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. कलम 125 : साधी दुखापत 6 महिने किंवा 5000, गंभीर दुखापत 3 वर्षं किंवा 10,000, नाहीतर दोन्ही. हाडाला चोरीची बरोबरी करायला 164 वर्षं लागली. मधला 'किंवा' मात्र शाबूत आहे. पैसे भरून घरी जायची वाट त्यातनंच जाते.

पण खरा खेळ ठाण्यात होतो. माझ्या चुलत्याचा पंजा गुऱ्हाळाच्या चरकात गेला. कागदावर आलं, 'स्वतःच्या चुकीनं'. चरकाला आडोसा नव्हता हे पंचनाम्यात आलंच नाही. यंत्राच्या हयगयीला वेगळं कलम होतं, तेव्हा 287, आता 289. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं नि जन्मभर उपकार सांगितले.

म्हणून कलम वाचायला शिका. हाड मोडलं की ती कायद्यानंच गंभीर दुखापत, अंमलदार 'किरकोळ' म्हणाला तरी. जखमेमुळं 15 दिवस रोजचं काम बंद पडलं तरी गंभीरच. आधी हे 20 दिवस होते. दवाखान्याचा एकेक कागद जपा. फिर्यादीची प्रत फुकट मिळते, ती हातात पडल्याशिवाय उठू नका.

जखमी माणसाला कोर्टाच्या परवानगीनं हा खटला मिटवता येतो. गावाला हे बरोबर ठाऊक असतं. "गावात राहायचंय ना?" म्हणत चावडीवर अंगठा घेतात. मिटवायचंच तर न्यायाधीशापुढं, रक्कम मोजून घेऊन. गाडीनं उडवलं असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणात भरपाईचा दावा वेगळा. ड्रायव्हर फौजदारीत सुटला तरी तो चालतो. सहा महिन्यांच्या आत लावा.

आणि ट्रॅक्टरवरचं पोरगंही बऱ्याचदा आपल्यातलंच असतं, खेपेच्या पैशासाठी रात्र जागणारं. त्याला पुढं करून मालक मोकळा. कलम 125 'जो कोणी' म्हणतं, 'ड्रायव्हर' म्हणत नाही. बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर काढणाराही त्यात येऊ शकतो. तेव्हा दिवा नव्हता हे पंचनाम्यात लिहून घ्या, आणि फिर्यादीत मालकाचं नाव आधी घाला.