पडक्या दरवाजांची डागडुजी



आपले शहर बावन्न दरवाजांचे म्हणून मिरवते. मलिक अंबरने 1612 साली भडकल दरवाजा उभारला. पुढे 1682 मध्ये औरंगजेबाने शहराला तट घातला. तटाचा बराचसा भाग केव्हाच नाहीसा झाला. दरवाजे मात्र रस्त्यात अंग चोरून उभे राहिले. मकाई, बारापुल्ला आणि पाणचक्कीजवळचा महमूद दरवाजा यांच्या कमानींतून तर वर्षानुवर्षे खाम नदीच्या पुलांवरची वाहतूक चालली. अलीकडे स्मार्ट सिटीच्या पैशातून काही दरवाजांची दुरुस्ती झाली, हे चांगलेच झाले.

पण डागडुजी म्हणजे काय, ते गवंड्याला विचारावे. काळ्या दगडाची ही भिंत चुन्यात बांधलेली. चुना ओल आत घेतो, बाहेरही सोडतो. सिमेंट ती आत कोंडते. मग भिंतीवर क्षार फुटतात आणि काही पावसाळ्यांत गिलावा पापुद्रे धरून सुटतो. म्हणून चुनाच हवा. चुनकळी पाण्यात विरवायची, दिवसचे दिवस मुरवायची, वाळू व सुरखी घालून घाणीत दळायची, पातळ थर द्यायचा, तो ओला राखायचा, मगच दुसरा. यात घाई चालत नाही, आणि कंत्राट तर मुदतीचे असते! शिवाय चुना हात खातो. डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतते. हातमोजे आणि चष्मे कागदावर असतात, परांचीवर क्वचित दिसतात.

आम्ही शाळा फार पाहिली नाही. कायदा रात्री दिव्याखाली बसून वाचला. 1996 च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्तीही बांधकामच धरली होती. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतात, आणि त्यातून 18 ते 60 वर्षे वयाच्या नोंदीत कामगाराला मदत मिळते. नोंदीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. गाडे अडते ते इथे. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला दर दोन दिवसांनी नवा मालक. दाखला द्यायचा कोणी? एका ठेकेदाराने आम्हांला तोंडावर सांगितले, "काम उभे आहे ना? आणखी कसला दाखला?"

पुढच्या दरवाजाचे काम निघेल तेव्हा आपण त्याचा हजेरीपट पाहायला मागा. माहितीचा अधिकार 2005 पासून आपल्या हाती आहे, अर्जाला दहा रुपये लागतात. अर्ज लिहून द्यायला आम्ही संध्याकाळी मोकळे असतो.