भिवंडीचा महापौर आणि तिजोरीची किल्ली

यंत्रमागाच्या वा बांधकामाच्या धंद्यात आयुष्य घालवून पै-पैचा हिशेब राखलेला एखादा गृहस्थ नगरसेवक होतो, हळूहळू स्थायी समितीत शिरतो आणि एके दिवशी महापौराच्या खुर्चीवर विराजमान होतो, तेव्हा आमचे भिवंडी शहर असे मानून चालते की, आता गटारे तुंबणार नाहीत आणि रस्ते गुळगुळीत होतील. आणि पुढच्या पावसाळ्यात गुडघाभर पाणी साचले म्हणजे तेच शहर त्याच्या नावाने बोटे मोडते.

अहो, पण त्याच्या हाती तिजोरीची किल्ली असते कुठे? १९४९च्या महापालिका अधिनियमान्वये कारभाराची मुखत्यारी आयुक्तांकडे, मोठ्या खर्चाची मंजुरी सोळा सभासदांच्या स्थायी समितीकडे. महापौराकडे महासभेचे अध्यक्षपद, तेही अडीच वर्षांच्या मुदतीचे.

मजुरीवर माग चालवणारा आपल्या गल्लोगल्ली आहे. सूत व्यापाऱ्याचे, कापडही व्यापाऱ्याचेच, दर पिकामागे, म्हणजे आडव्या धाग्यामागे, ठरलेला. खडखडाट, विजेचे बिल आणि कारागिराची कुरबुर तेवढी मागवाल्याची. महापौराची अवस्था हुबेहूब हीच. त्याचे सूत म्हणजे नगरसेवक, आणि ते तर दुसऱ्याच्या मागावर केव्हा चढेल याचा नेम नाही! २०१७ साली नव्वदांपैकी सत्तेचाळीस जागा जिंकून काँग्रेसने जावेद दळवी यांना महापौर केले. डिसेंबर २०१९मध्ये त्याच पक्षाचे अठरा नगरसेवक फुटले आणि अवघ्या चार जागा मिळवलेल्या कोणार्क विकास आघाडीच्या प्रतिभा पाटील महापौर झाल्या. अशा खुर्चीवर बसलेला मनुष्य सकाळी उठून गटारांची यादी वाचील की डोकी मोजील? धंदेवाईक मनुष्य तर डोकीच मोजील. ती विद्या त्याला उपजत असते, आणि मी त्याला फारसा दोषही देत नाही.

महापौरपद भूषवलेले सुरेश टावरे २००९ साली लोकसभेत पोचले, म्हणजे ही खुर्ची पुढच्या वाटचालीला उपयोगी पडते, हे मान्य. शहराला ती किती उपयोगी पडते, हा प्रश्न निराळा. आणि तो तुम्ही विचारीत नाही, हीच माझी तक्रार आहे. महापौर कोण होणार याची चर्चा चहाच्या टपरीवर रात्री उशिरापर्यंत चालते. स्थायी समितीत कोण बसले, त्यांनी कोणता ठेका कोणत्या दराने मंजूर केला, याची चौकशी करणारा मला क्वचितच भेटतो. जून २०२२मध्ये महासभेची मुदत संपून प्रशासक आले, महापौरच उरला नाही, तरी ठेके निघायचे थांबले का? किल्ली महापौराच्या हाती नव्हतीच!

पुन्हा सांगतो, किल्लीकडे पाहा. काही उत्पन्न तर त्या तिजोरीत येतच नाही. राहनाळ, काल्हेर, पूर्णा येथील गोदामे महापालिकेच्या हद्दीबाहेर, त्यांचा कर ग्रामपंचायतींकडे, आणि त्यांचे ट्रक मात्र आपल्या रस्त्यांवर. येथे महापौर काय करील आणि आयुक्त तरी काय करतील, हा स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे. स्टेम या पाणीपुरवठा कंपनीकडून आणि मुंबई महापालिकेकडून विकत घ्याव्या लागणाऱ्या पाण्याविषयीही आज बोलायचे होते, परंतु समोरचे घड्याळ पाहता ते आता पुढच्या खेपेस.