मापकाठी कोणाच्या हाती?
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा संक्षेप)



अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांची संख्या वाढावी म्हणून इतकी वर्षे प्रयत्न झाले, त्यांचे फलित काय, असे आपल्यापैकी एका तरुण मित्राने मला विचारले. प्रश्न रास्त आहे. परंतु फलित मोजावयाचे तर मापकाठी कोणती घ्यायची हे आधी ठरवावे लागते, आणि खरी मेख तेथेच आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील वैद्यकीय महाविद्यालयाने शंभरांपैकी 16 जागा अल्पसंख्याकांसाठी राखून ठेवल्या होत्या. 1978 साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत अवैध ठरविली. प्रवेश देताना वंशाचाही एक घटक म्हणून विचार करण्याची जी मुभा उरली होती, ती 2023 साली गेली. जागा राखता येत नाहीत म्हटल्यावर हाती उरतात ते नवागतालाच सुधारण्याचे उपाय : मार्गदर्शक नेमा, वर्ग घ्या, शिबिरे भरवा. मग अहवालात वर्ग किती आणि हजेरी किती हे छापून येते. पेरणी किती एकरांत झाली ते सांगावे आणि खळ्यावर काय आले त्याविषयी मौन पाळावे, असा हा हिशेब आहे.

तेथील वैद्यकीय संशोधकाची प्रयोगशाळा, पुष्कळदा त्याचा पगारही, राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या अनुदानावर चालतो. तेव्हा अनुदान कोणाला मिळते हे पाहिले पाहिजे. डोना गिंथर या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते पाहिले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोऱ्या संशोधकांचे सुमारे 29 टक्के अर्ज मंजूर झालेले आढळले, तर कृष्णवर्णीयांचे केवळ 16 टक्के. शिक्षण, प्रशिक्षण, प्रकाशित लेख यांतील फरक जमेस धरूनही दहा टक्क्यांची तफावत शिल्लक राहिली! म्हणजे माणूस ‘सुधारला’ तरी दार तितकेसे उघडत नव्हते.

2019 साली आणखी एक गोष्ट उजेडात आली. कृष्णवर्णीय संशोधक वस्त्यांचे आरोग्य, आरोग्यातील विषमता अशा विषयांकडे अधिक वळतात, आणि नेमक्या त्याच विषयांना अनुदान कमी मिळते. तफावतीचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग एवढ्यानेच उलगडतो. गरिबांच्या दुखण्याचा अभ्यास करणाऱ्याला गरीब ठेवणारी ही गुणवत्ता कोणी ठरविली? निर्देशांकातील भार ज्याच्या हाती असतात, निष्कर्षही त्याच्याच हाती असतो, हे आम्हा अर्थशास्त्राच्या मास्तरांना चांगले ठाऊक आहे.

आपण दुरून हसू नये. आपल्याकडे राखीव जागा असूनही दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना कसे वागविले जाते हे 2007 साली सुखदेव थोरात समितीला सांगावे लागले. समितीने केवळ जागांचा विचार केला नाही. वसतिगृह, वर्ग आणि परीक्षा यांविषयी विद्यार्थ्यांनाच विचारले.

अमेरिकेच्या आरोग्य संस्थेला हे पुढे थोडेफार उमगले असावे. तिच्या ‘फर्स्ट’ नावाच्या योजनेत तरुण अध्यापक एकटेदुकटे न नेमता तुकडीने नेमायचे होते आणि संस्थेचा कारभार बदलला की नाही हेही तपासायचे होते. नऊ वर्षांसाठी सुमारे 24 कोटी डॉलरची ही योजना पहिल्या नेमणुकांपर्यंत पोहोचली होती. 2025 साली ट्रम्प प्रशासनाने विविधतेसाठीची अनुदाने मुदतीपूर्वी तोडण्यास प्रारंभ केला, त्यात तीही सापडली. तेव्हा माझ्या तरुण मित्राला मी एवढेच सांगू शकतो की पीक खळ्यावर येण्याआधीच शेत नांगरले गेले.